सहावे तिकीट

चूक आणि अपराध यांच्यामध्ये किती अंतर असते? आम्हां पाच मित्रांना कुणी विचारले, तर आम्ही सांगू, दीड तासाचे. चूक आमच्या हातून कोर्लईच्या नाक्यावर दुपारी साडेचारला झाली आणि अपराध मांडव्याच्या धक्क्यावर संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात आम्ही वाहने बदलली, शेंगदाणे खाल्ले, किल्ल्याविषयी गप्पा मारल्या आणि एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्या दिवसाला आता बरीच वर्षे झाली, तरी त्याचा हिशेब मिटलेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडत आहोत. आपल्या धर्मग्रामांतून यात्रेला, सहलीला, लग्नाला माणसे घोळक्याने निघतात. ज्यांनी असा घोळक्याचा प्रवास केला आहे, त्यांना हा हिशेब अगदीच परका वाटणार नाही.

साल २०१९, जानेवारी महिना, शनिवार. आम्ही सहा जण वसईच्या एकाच शाळेत शिकलेले आणि आता सारेच साठी ओलांडलेले. एक मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. एक एसटीत सारी हयात वाहक म्हणून घालवलेला. एक सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होता, एक रेल्वेत. एक अजूनही वाडीत केळी करतो. आणि सहावा या ओळी लिहिणारा. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून एक दिवस बाहेर काढायचा, असा आमचा नेम होता.

त्या वर्षी कोर्लईची कल्पना मास्तरची. अलिबागच्या दक्षिणेला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर काठावर रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई. गावाशेजारी समुद्रात घुसलेली चिंचोळी डोंगरधार, तिच्यावर पोर्तुगीज काळातला किल्ला आणि डोंगराच्या पायाशी दीपगृह. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, रेवदंडा व कोर्लईही मराठ्यांकडे आले. सत्ताधीश निघून गेले. कष्टकरी माणसे जिथल्या तिथे राहिली, जसे आपले पूर्वजही वसईत राहिले. कोर्लईच्या मागे राहिलेल्या ख्रिस्ती माणसांनी मात्र एक ठेवा जपला. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली त्यांची बोली आजही हजाराच्या घरातली माणसे घरी बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. गावकरी तिला 'नोलिंग' म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच, 'आमची भाषा'. ती बोली एकदा कानांनी ऐकावी, ही मास्तरची कित्येक वर्षांची इच्छा होती.

रेल्वेतल्या मित्राने सगळा बेत वहीच्या पानावर लिहून काढला. गावातून पहाटेच्या पहिल्या बसने वसई रोड. तिथून लोकलने चर्चगेट. टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया. लाँचने मांडवा. लाँचच्या तिकिटातच मिळणाऱ्या बसने अलिबाग. एसटीने रेवदंडा. तिथून सहा आसनी रिक्षाने पूल ओलांडून कोर्लई. जाताना सात वाहने, आणि येताना जवळजवळ तेवढीच. एक कडी निसटली की पुढची साखळी कोसळणार, हे त्याने आम्हांला दोनदा बजावले. विशेषतः परतीची शेवटची लाँच चुकवून चालणार नव्हते.

सकाळी आम्ही एकमेकांना फार जपले, हे आवर्जून सांगायला हवे. विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये धावली, तेव्हा दिवसाला एकच गाडी जाई आणि एकच येई. आज गाड्या मोजता येत नाहीत, तरी वसई रोडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. मास्तरचा उजवा गुडघा दुखरा. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून डब्यात घेतले आणि वाडीवाल्याने आपल्या पाठीने त्याच्यासाठी जागा राखली. चर्चगेटला उतरताच वाहकाने बोटाने माणसे मोजली. "सहा." गेटवेच्या धक्क्यावर पुन्हा मोजली. "सहा." जाण्यायेण्याची सहा तिकिटे काढून त्याने खिशात ठेवली. आयुष्यभर माणसे मोजलेला माणूस सोबत असल्यावर चिंता कसली, असे आम्ही हसत म्हणालो.

लाँचच्या वरच्या मजल्यावर समुद्रपक्ष्यांचा थवा आमच्याबरोबर चालला होता. आगाशीची सुकेळी वाटली गेली. मास्तरला मात्र भाषेचे वेड. तो म्हणाला, "मला त्या गावात एकच प्रश्न विचारायचा आहे. नोलिंग म्हणजे 'आमची' भाषा की 'आपली' भाषा?"

आम्ही म्हणालो, "फरक काय पडतो?"

"मराठी माणसाने असे विचारावे!" तो म्हणाला. "इंग्रजीत, पोर्तुगीजमध्ये दोन्हींना एकच शब्द. गुजरातीत दोन आहेत, तमिळ-तेलुगूत दोन आहेत, आणि आपल्याकडेही. 'आम्ही जेवतो' म्हटले की ऐकणारा उपाशी राहतो. 'आपण जेवू या' म्हटले की त्याचे पान मांडले जाते. व्याकरणात हा लहानसा नियम आहे. माणसांत तो मोठा आहे."

आम्ही माना डोलावल्या. वर्गात डोलावत असू, तशाच.

कोर्लईला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कार्मेल मातेच्या चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. किल्ल्याची चढण पाहून मास्तर म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मी इथेच थांबतो, कुणी बोलायला भेटले तर माझेही काम होईल." त्याच्या खांद्यावरची पिशवी वाडीवाल्याने स्वतःहून घेतली. पाण्याची बाटली तिच्यातच होती, आणि गुडघ्याला तेवढेच ओझे कमी. "चार वाजता चर्चपाशी भेटू," असे ठरले.

वर गेल्यावर वेळेचे भान राहिले नाही. तटावरून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो. समोर रेवदंड्याची किनारपट्टी, खाली कोळ्यांच्या होड्या. खाली उतरायलाच सव्वाचार झाले. चर्चपाशी मास्तर दिसला नाही. त्या क्षणी कुणीतरी म्हणाले, "नाक्यावर पुढे गेला असेल." हे कोण म्हणाले, याविषयी आजही आमच्यात एकमत नाही. नाक्यावर एक रिक्षा भरत आली होती. तिघे तिच्यात चढले. उरलेले मागच्या रिक्षाने येतील, कुणी कुणासाठी वाटेत थांबायचे नाही, सरळ मांडव्याच्या धक्क्यावर भेटायचे, असे घाईत ठरले. पुढच्या तिघांना वाटले, मास्तर मागच्या दोघांबरोबर येतो आहे. मागच्या दोघांनी पुढच्या रिक्षात मास्तरची पिशवी पाहिली होती. पिशवी पुढे गेली म्हणजे माणूसही पुढे गेला, असे त्यांनी धरून चालले.

ही चूक. ती बावळट होती, पण चूकच होती. अशी चूक पवित्र कुटुंबाकडूनही झाल्याची नोंद संत लूकने करून ठेवली आहे. सणाहून परतताना मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. बारा वर्षांचा मुलगा सोबतच्या मंडळींत असेल, अशी त्यांची समजूत होती. घोळक्यात ही समजूत फार सहज होते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर असतो आणि तो दुसरा तिसऱ्याच्या. मूल हरवले म्हणून शुभवर्तमानाने त्या आईबापांना दोष दिलेला नाही. कारण कळल्याबरोबर त्यांनी काय केले, हेही तिथेच लिहिलेले आहे. ते मागे फिरले.

आम्ही मांडव्याला पोहोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. पुढचे तीन आणि मागचे दोन धक्क्यावर एकत्र आले. वाहकाने खिशातून तिकिटे काढून मोजली, सहा. मग माणसे मोजली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. रेल्वेवाल्याने मास्तरचा नंबर लावला. घंटा वाडीवाल्याच्या खांद्यावरच्या पिशवीत वाजू लागली.

लाँचवरचा खलाशी दोर सोडायच्या तयारीत होता. "चला, चला, शेवटची आहे." आमच्या हातात तीन-चार मिनिटे होती. त्या मिनिटांत जे बोलले गेले, ते आम्हांला शब्दशः आठवते. फक्त कोण काय बोलले, ते आठवत नाही.

"तो काही लहान मूल नाही."

"ख्रिस्ती गाव आहे, कुणीही ठेवून घेईल."

"एकट्याने मागे राहून काय करणार? आणि अंधारात त्याला शोधणार कुठे?"

"पाच जणांनी अडकण्यात शहाणपण नाही. घरी सगळे वाट पाहतील."

"पनवेलवरून एसटी असतात. सकाळी येईल तो."

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पाच खऱ्या वाक्यांची बेरीज मात्र खोटी निघाली. 'निघू या' असे कुणीही म्हणाले नाही. मत घेतले नाही, निर्णय झाला नाही. पावले फळीवरून लाँचवर गेली, एवढेच. नंतर धक्का दूर जाऊ लागला. वाहकाच्या हातात सहावे तिकीट तसेच राहिले. ते फेकावे की खिशात ठेवावे, हे त्याला गेटवे येईपर्यंत ठरवता आले नाही.

रात्री नऊच्या सुमारास, बोरिवली मागे टाकल्यावर, पिशवीतला फोन वाजला. अनोळखी नंबर होता, आवाज मास्तरचा. चर्चजवळच्या एका घरात आजीबाई आपल्या नातवंडांशी नोलिंगमध्ये बोलत होत्या. ते ऐकायला तो पायरीवर बसला, त्यांनी आत बोलावले, आणि घड्याळाकडे त्याचेही लक्ष गेले नाही. बाहेर आला तेव्हा पाच वाजायला आले होते. तास-दीड तास तो नाक्यावर उभा राहिला. मग त्या घरच्या मुलाने त्याला हाताला धरून परत नेले. फोनवर त्याने विचारले, "पोचलात का रे नीट? मग बरे. माझी काळजी करू नका, आपल्याच माणसांत आहे मी."

डब्यात आम्ही पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. रागावला असता तर बरे झाले असते.

इथून पुढे प्रश्न सुरू होतो. दुसऱ्या दिवशी रविवारची मिस्सा कोर्लईत ऐकून, एसटीने पेण-पनवेल करत, तो संध्याकाळी सुखरूप घरी आला. कुणाचे काही बिघडले नाही. मग अपराध कसला? आमच्यातल्या एकाने तेव्हा हेच म्हटले, आणि त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जग असेच चालते. एका प्रवाशासाठी एसटी थांबली तर चाळीस जणांचा खोळंबा होतो. वाहकाने घंटी मारलीच पाहिजे. भरतीची वेळ, इंधन, परवाना, उतारूंची गर्दी, हे सारे सांभाळणाऱ्या लाँचने एका म्हाताऱ्यासाठी रात्रभर धक्क्याला लागून राहावे, असे कोण म्हणेल? पाचांची गैरसोय आणि एकाची गैरसोय तराजूत घातली तर पारडे कुठे झुकते, हे सांगायला शाळेत जावे लागत नाही.

या युक्तिवादाचे उत्तर शेवटी आमच्या वाहक मित्रानेच दिले. तो म्हणाला, "मी नोकरीत शेकडो माणसे मागे सोडली. घंटी मारली आणि गाडी सोडली. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, कारण ते माझे उतारू होते. मी त्यांना वेळ देणे लागत होतो, आणि वेळ दिली. त्या दिवशी मी कंडक्टर नव्हतो. तरी मी घंटी मारली."

आम्हांला वाटते, त्याने नेमके मर्म सांगितले. वाहनाचे कर्तव्य वेळेशी असते आणि सोबत्याचे माणसाशी. लाँच निघाली यात लाँचचे काही चुकले नाही. आम्ही लाँचचे तर्कशास्त्र उसने घेतले, ही आमची चूक. दिवसभर सात-आठ वाहनांच्या तालावर धावताना वेळापत्रक आमच्या अंगात इतके भिनले, की आम्ही स्वतःच एक वाहन झालो. सकाळी गर्दीच्या डब्यात पाठीने मित्राची जागा राखणारी हीच माणसे होती. संध्याकाळी त्यांनी त्याला आकड्यांत बसवले आणि सहातून एक वजा केला. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात जाणाऱ्या मेंढपाळाचा हिशेबही आकड्यांत कधी जुळत नाही. आपण तो दाखला लहानपणापासून इतक्यांदा ऐकतो, की तो हिशेबाला किती आडवा जातो हे विसरून जातो.

परंतु दुसरा एक प्रश्न आम्हांला अधिक छळतो. आम्हां पाचांपैकी कुणीही एकटा मास्तरबरोबर गेला असता, तर त्याला सोडून लाँचवर चढला असता काय? प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, कधीच नाही. आणि ते खरे आहे. मग पाच चांगली माणसे एकत्र आल्यावर त्यांच्यातला चांगुलपणा पाचपट का झाला नाही? तो गेला कुठे?

जॉन डार्ली आणि बिब लाटाने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी यंत्रावरून एकमेकांशी बोलत असताना त्यांतल्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवण्यात आला. हे आपण एकट्यानेच ऐकले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले ८५ टक्के तो आवाज थांबण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले अवघे ३१ टक्के. त्या गटात संकटात सापडलेला धरून सहा जण होते. आम्हीही सहाच होतो. बसून राहिलेले ते विद्यार्थी निष्ठुर नव्हते. आपल्या वाट्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी उचलली असेल, असे प्रत्येकाला वाटले. जबाबदारी भाकरीसारखी वाटून घेता येते आणि वाटेकरी वाढले की तुकडा लहान होतो, असा आपला समज असतो.

बँकेतल्या मित्राने हा समज कायद्याच्या भाषेत खोडून काढला. कर्जाला दोन जामीनदार असले तर प्रत्येकाला वाटते, आपण अर्ध्याच रकमेला बांधलेलो आहोत. वसुलीची नोटीस आली की त्याचे डोळे उघडतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ४३ वे कलम असे, की अनेकांनी मिळून वचन दिले आणि वेगळे काही ठरलेले नसले, तर त्यांतल्या कुणाही एकाकडून संपूर्ण वचन पुरे करून घेता येते. तो म्हणाला, "कर्जदारांना मी नोकरीभर हे समजावले. मांडव्याच्या धक्क्यावर मी एकपंचमांश जबाबदार होतो, असे मला वाटले. मी पूर्ण जबाबदार होतो. तूही पूर्ण. आपण सगळे पूर्ण."

आपल्या उपासनेत हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. प्रभूने शिकवलेली प्रार्थना अनेकवचनी आहे. तिच्यात पिता मागायचा तो आमचा आणि रोजची भाकर मागायची तीही आमची. एकट्यासाठी काही मागायची सोय तिथे नाही. मात्र मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो, ती एकवचनी असते. चर्च भरलेले असते, शेकडो आवाज एकत्र उठतात, आणि तरी प्रत्येक आवाज 'मी' म्हणतो. घेण्याच्या वेळी 'आम्ही' आणि कबुलीच्या वेळी 'मी', असा तो क्रम आहे. व्यवहारात आपण तो नेमका उलटा करतो. श्रेय घेताना पुढे 'मी' असतो. दोष आला की मागे 'आम्ही' उभे राहतात. समितीचा ठराव, मंडळाचा निर्णय, कुटुंबाची इच्छा, असे शब्द आपल्या कागदांवर किती सहज येतात, आणि त्यांच्या आड किती माणसे निवांत बसलेली असतात! म्हाताऱ्या आईला कुणी ठेवायचे, आजारी भावाच्या औषधाचे काय, शेजारच्या एकट्या बाईची चौकशी कुणी करायची, अशा प्रश्नांची उत्तरे घराघरांत पुष्कळदा मांडव्याच्या धक्क्यासारखीच मिळतात. 'जाऊ या' असे कुणी म्हणत नाही आणि सगळे निघून गेलेले असतात.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. सोमवारी आम्ही पाचही जण पिशवी घेऊन मास्तरकडे गेलो. "आमचे चुकले," असे एका सुरात म्हणालो. त्याने चहा केला. कोर्लईच्या त्या घरातल्या गमती सांगितल्या. लाँचवर काढलेला तो प्रश्नही त्याने आजीबाईंना विचारला होता, की ही भाषा 'आमची' की 'आपली'. त्या मराठीतच म्हणाल्या होत्या, "आता तुम्ही घरात बसून ऐकताय, तर आपलीच की." हे सांगताना तो आमच्याकडे पाहत नव्हता. आम्ही निरोप घेतला तेव्हा वाटले, मिटले सारे.

काही आठवड्यांनी वाहकाच्या लक्षात एक गोष्ट आली. मास्तर पूर्वी म्हणे, "आपण या वर्षी कुठे जायचे?" आता तो म्हणे, "तुम्ही कुठे जाणार?" राग नव्हता, टोमणा नव्हता. कदाचित त्याच्याही ते ध्यानात आले नसेल. व्याकरणातला तो लहानसा नियम आपले काम करीत होता.

त्यानंतर पहिल्यांदा वाडीवाला एकटा गेला. त्याने सांगितले, "पिशवी माझ्या खांद्यावर होती. फोन माझ्या कानाशी वाजला. मी चढायला नको होते." मग बँकवाला गेला. मग रेल्वेवाला गेला. वेळापत्रक आपणच आखले होते आणि माणसापेक्षा तो कागद आपल्याला मोठा वाटला, हे त्याने सांगितले. शेवटी वाहक गेला, आणि ते सहावे तिकीट मास्तरच्या हातात ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिला. प्रत्येक भेटीत मास्तर काय म्हणाला, ते त्या त्या माणसाने आम्हांला सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारले नाही. एवढे खरे, की त्या चौघांशी बोलताना मास्तरच्या तोंडी पुन्हा 'आपण' येऊ लागले.

आता मांडव्याला जायला वाहने अधिक आहेत. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसुद्धा समुद्र ओलांडू लागल्या. त्या दिवशी ती असती, तर कदाचित आमची परीक्षाच झाली नसती, असे मनात येते. पण शेवटची बोट प्रत्येकाच्या आयुष्यात कधीतरी येतेच, आणि धक्क्यावर माणसे मोजण्याची वेळही येते. त्या वेळी निघणे चूक की बरोबर, याचा कुठलाही सर्वकाळचा नियम आम्हांला सांगता येत नाही. कधी मागे राहिलेल्याच्या भल्यासाठीसुद्धा पुढे जावे लागते. आम्ही एवढेच शिकलो, की जो काही निर्णय होईल तो कुणीतरी नाव घेऊन करावा. "मी थांबतो" किंवा "मी निघतो, आणि त्याचा जाब मी देईन," यांपैकी एक वाक्य एका तोंडून निघाले पाहिजे. ते निघाले असते, तर बहुधा पाचांपैकी चौघे त्याच्यामागे धक्क्यावर उतरले असते. चांगुलपणा आमच्यात होता. तो कुणीतरी आधी बोलून दाखवण्याची वाट पाहत होता.

वाचकांनी एव्हाना हिशेब केलाच असेल. पाचांपैकी चौघे मास्तरच्या दारात आपापला 'मी' घेऊन गेले. पाचवा या ओळी लिहीत आहे, आणि इतकी पाने झाली तरी अजून 'आम्ही'च म्हणत आहे. मास्तर हे त्रैमासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. अंक त्याच्या हाती पडण्याआधी त्याच्या घरची पायरी चढायला हवी. अंतर फार नाही. वाहन लागत नाही, चालत दहा मिनिटे.